हायड्रॉक्सियुरिया : सिकलसेलच्या जुन्या कॅप्सूलचे परीक्षण

सिकलसेलचा जोर कमी करणारी जी मोजकी औषधे आज उपलब्ध आहेत, त्यांत हायड्रॉक्सियुरियाची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त तपासली गेलेलीही आहे. तरीसुद्धा माझ्या काउंटरवर ती घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना ती नेमकी कशासाठी आहे, हे कोणी नीट सांगितलेले नसते. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो आणि माझी भाची 'एसएस पॅटर्न'ची आहे, म्हणजे तिला आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आले आहे. त्यामुळे ही पट्टी मी विकतो आणि घरीही आणतो. लोक तिला 'रक्त वाढवायची गोळी' म्हणून नेतात, महिनाभरात रक्त वाढलेले दिसले नाही की बंद करतात, आणि पुढच्या क्रायसिसला, म्हणजे तीव्र वेदनेच्या झटक्याला, रुग्णालयात भरती झाल्यावर पुन्हा चिठ्ठी घेऊन येतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. या कॅप्सूलचा खरा उपयोग हिमोग्लोबिनच्या आकड्यात थोडा आणि शरीराच्या संरक्षणयंत्रणेतल्या गडबडीवर फार मोठा आहे, असे माझे मत आहे, आणि ते समजल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

आजाराचे मूळ चित्र आशाताईंजवळच्या पत्रकावरही असते. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, ऑक्सिजन सुटल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब तंतू होतात, तांबडी पेशी वाकडी आणि ताठर होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. हे सगळे खरे आहे, पण एवढ्यावरून एक साधा प्रश्न सुटत नाही. एकाच आईबापांची दोन मुले, दोघांचाही अहवाल एसएस, दोघांच्याही जनुकातला दोष तोच. मग एक दर पावसाळ्यात आणि दर थंडीत हातपाय धरून रडत भरती होतो आणि दुसरा हंगामात धान कापायला जातो, हे कसे? याची काही उत्तरे जुनी आहेत: ज्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त उरलेले असते त्याला त्रास कमी होतो, आणि सोबत अल्फा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिनचा आणखी एक आनुवंशिक दोष, असेल तर तांबड्या पेशी कमी फुटतात. उरलेल्या उत्तराचा मोठा भाग मात्र तांबड्या पेशीत सापडत नाही. तो पांढऱ्या पेशींत, प्लेटलेटमध्ये, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात आणि या सर्वांनी एकमेकांना पाठवलेल्या रासायनिक निरोपांत आहे.

वाकडी झालेली तांबडी पेशी लवकर फुटते आणि तिच्यातले हिमोग्लोबिन व त्यातला हीम हा भाग उघड्यावर येतो. मोकळे हिमोग्लोबिन रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. हीम तर त्याहून उपद्रवी आहे: जिवाणूंचे विष ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा जो ग्राहक असतो, त्यालाच तो चालना देतो, त्यामुळे जंतुसंसर्ग नसतानाही शरीर संसर्ग झाल्यासारखे वागू लागते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-६ हे दाहाचे संदेशरेणू वाढतात. इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो. आणि अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिनसारखे पकड घेणारे रेणू उभे करतात. मग न्यूट्रोफिल अस्तराला चिकटतात आणि जाणाऱ्या तांबड्या पेशींना धरून ठेवतात. उंदरांवरील प्रयोगांत हे प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहे. सिकलसेल असलेल्या उंदरांना टीएनएफ-अल्फा टोचले की त्यांच्या बारीक वाहिन्या तुंबतात. म्हणजे वाकडी पेशी आपोआप अडकते त्यापेक्षा ती अडकवली जाते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

माणसांमध्ये याचा पुरावा एका दुःखद मार्गानेही मिळालेला आहे. पांढऱ्या पेशी वाढवणारा जी-सीएसएफ हा संदेशरेणू इंजेक्शनच्या रूपात मिळतो आणि कर्करोगाच्या रुग्णांना तो सर्रास दिला जातो. सिकलसेलच्या रुग्णांना तो दिल्यानंतर तीव्र क्रायसिस आल्याच्या, अवयव निकामी झाल्याच्या आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत. सिकलसेलच्या जनुकीय उपचारासाठी मूळपेशी गोळा करताना जी-सीएसएफ टाळून प्लेरिक्साफॉर हे वेगळे औषध वापरतात, ते याच कारणाने. त्यामुळे माझ्या व्यवसायातल्या लोकांना एक विनंती आहे: दुसऱ्या कारणासाठी लिहिलेल्या चिठ्ठीवर हे इंजेक्शन दिसले तर रुग्णाचा पॅटर्न विचारा आणि शंका आली तर लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

एवढी पार्श्वभूमी असली की हायड्रॉक्सियुरियाचे काम समजते. हा रेणू जर्मनीत १८६९ मध्ये पहिल्यांदा तयार झाला, पुढे रक्ताच्या कर्करोगात वापरला गेला आणि एचबीएफ वाढवतो म्हणून सिकलसेलकडे वळवला गेला. अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांत वर्षाला येणाऱ्या क्रायसिसचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) अडीच होता आणि नुसती साखरेची कॅप्सूल घेणाऱ्यांत साडेचार. छातीचा तीव्र विकार औषधाच्या गटात २५ जणांना झाला, दुसऱ्यात ५१ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीच्या आधी थांबवण्यात आली, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली. माझ्या दृष्टीने त्या चाचणीतला सर्वांत बोलका भाग वेगळाच आहे. ज्या रुग्णांना फायदा झाला, त्यांच्यात एचबीएफच्या वाढीइतकेच, किंबहुना त्याहून ठळकपणे, न्यूट्रोफिलची संख्या घटलेली दिसली. अस्थिमज्जेतून येणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, अस्तराला चिकटण्याची त्यांची प्रवृत्ती कमी होते, नायट्रिक ऑक्साइडला थोडा हातभार लागतो, आणि काही अभ्यासांत टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-८ यांची पातळीही उतरलेली आढळते. एकट्या संदेशरेणूला पकडण्याऐवजी हे औषध निरोप पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या पेशींचीच गर्दी ओसरवते. म्हणूनच हिमोग्लोबिन सातावरून साडेसात-आठवर जाऊन थांबले तरी रुग्णाचे वर्ष निम्म्या त्रासात जाऊ शकते. काउंटरवर मला हेच समजावून सांगावे लागते आणि तेच सर्वांत अवघड जाते, कारण न आलेला क्रायसिस कोणाला दिसत नाही.

मुलांबद्दलचा पुरावाही भक्कम आहे. नऊ ते अठरा महिन्यांच्या १९३ बालकांवरील अमेरिकी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, हातापायांची बोटे सुजून येण्याचे प्रसंग औषध घेणाऱ्या गटात २४ आणि दुसऱ्या गटात १२३ होते. आफ्रिकेत अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत सहाशेहून अधिक मुलांना हे औषध दिले गेले, तेव्हा वेदनेचे प्रसंग निम्म्याहून खाली आले आणि मृत्यूही घटले. पांढऱ्या पेशी कमी करणारे औषध मलेरियाच्या मुलखात घातक ठरेल, ही तिथली मोठी भीती होती. प्रत्यक्षात मलेरियाचे प्रमाणही निम्म्यावर आले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात जे पालक हाच प्रश्न विचारतात, त्यांना हे सांगण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या रुग्णांविषयी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या जनुकाचा अरब-भारतीय प्रकार सर्वसाधारणपणे जास्त एचबीएफ राखणारा आहे, म्हणून आपला आजार सौम्य असतो, असे बरेच दिवस मानले गेले. नागपूरच्या आसपास ज्यांनी रुग्णालयांचे वॉर्ड पाहिले आहेत, त्यांना हा 'सौम्य' शब्द पटणार नाही. एचबीएफ चांगले असूनही वारंवार भरती होणारी मुले इथे आहेत, आणि दाहाचा वाटा वेगळा मोजायला हवा, असे मला वाटते ते त्यामुळेच. दुसरी गोष्ट मात्रेची. पाश्चात्त्य पद्धतीत मात्रा हळूहळू वाढवत शरीराला सोसेल तिथपर्यंत नेतात आणि त्यासाठी रक्ताच्या सारख्या तपासण्या लागतात. नागपुरात ६० तीव्र आजारी मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनाच्या किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम एवढी स्थिर आणि कमी मात्रा वापरली, तरी वेदनेचे प्रसंग मोठ्या प्रमाणात कमी झाले. जिथे प्रयोगशाळा तालुक्याला आणि बस दिवसातून दोनदा, तिथे या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. अर्थात मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच. दुकानदाराने नाही आणि शेजारच्या रुग्णाची चिठ्ठी पाहून तर मुळीच नाही.

आता प्रतिस्पर्धी औषधांकडे वळू, कारण 'याहून नवे काही नाही का?' हा प्रश्न दर महिन्याला येतो. आहे, आणि त्यांचा इतिहास या जुन्या कॅप्सूलची बाजू बळकट करणारा आहे. पी-सिलेक्टिन या पकड घेणाऱ्या रेणूला अडवणारे क्रिझॅनलिझुमॅब दर महिन्याला शिरेतून द्यावे लागते. पहिल्या चाचणीत १९८ रुग्णांमध्ये क्रायसिसचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले दिसले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र ते नुसत्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली. ई-सिलेक्टिनवर रोख असलेले रिव्हिपॅन्सेल २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्यात नापास झाले. नंतरच्या विश्लेषणात क्रायसिस सुरू होताच ज्यांना ते मिळाले, त्यांना काहीसा उपयोग झाल्यासारखे दिसले. इंटरल्युकिन-१ बीटाला थेट अडवणारे कॅनाकिनुमॅब ४९ तरुण रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा सीआरपी (रक्तातून दाह मोजणारा आकडा) आणि पांढऱ्या पेशी उतरल्या, पण वेदनेबाबतचे मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही. हिमोग्लोबिनवर काम करणारे व्होक्सेलोटर तर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून परत घेतले.

या यादीतून मी काढतो तो निष्कर्ष असा की, दाह हा सिकलसेलच्या तीव्रतेचा खरा चालक असला, तरी त्यातला कोणताही एक रेणू एकटा चालक नाही. गावच्या पंगतीत एक वाढपी कमी झाला म्हणून जेवण थांबत नाही, तसे टीएनएफ अडवला तर इंटरल्युकिन आहे, पी-सिलेक्टिन अडवले तर ई-सिलेक्टिन आहे. दाह सरसकट दाबून टाकण्याचा उलटा प्रयोगही झालेला आहे: क्रायसिसमध्ये स्टिरॉइडची मोठी मात्रा दिली तर दुखणे लवकर थांबते, पण औषध थांबताच ते परत उसळते आणि रुग्ण पुन्हा भरती होतो, असे १९९४ मधल्या मुलांवरील चाचणीतच दिसले होते. खेडोपाडी अंगदुखीवर डेक्सा या स्टिरॉइडचे इंजेक्शन ठोकून देणाऱ्यांना हे माहीत नसते, आणि 'त्या डॉक्टरच्या सुईने लगेच बरे वाटले' हे सांगणाऱ्या नातेवाइकाला चार दिवसांनी काय झाले, ते विचारावे लागते.

याच अनुषंगाने एका सेवेविषयी लिहिणे भाग आहे. कोविडनंतर 'आयएल-६', म्हणजे वर आलेला इंटरल्युकिन-६, हे नाव घरोघरी पोचले आणि खासगी प्रयोगशाळांच्या तपासण्यांच्या यादीत ते कायमचे बसले. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला सिकलसेल किती तीव्र आहे हे पाहण्यासाठी ही तपासणी करून घेण्याचा सल्ला मिळाला आणि त्यांनी ती कर्ज काढून केली. सिकलसेलच्या रुग्णांत आयएल-६, आयएल-८, टीएनएफ-अल्फा वाढलेले आढळतात, क्रायसिसमध्ये अधिक वाढतात, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. परंतु रुग्णारुग्णांतले आकडे एकमेकांत इतके मिसळतात, रक्त कोणत्या वेळी घेतले यावर इतके बदलतात आणि साध्या सर्दीतापानेही इतके हलतात की एका माणसाच्या एका आकड्यावरून त्याचे पुढचे वर्ष सांगता येत नाही. संशोधनासाठी ते मोलाचे आहेत, उपचाराच्या निर्णयासाठी आज तरी नाहीत. त्या पैशांत सीबीसी ही रक्तपेशी मोजण्याची साधी तपासणी कितीतरी वेळा होते, आणि तिच्यातला पांढऱ्या पेशींचा आकडा हा या सगळ्या संदेशवहनाचा स्वस्त पण विश्वासार्ह आरसा आहे. संसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी सतत वाढलेल्या असणे हे तीव्र आजाराचे लक्षण आहे, आणि १९९४ च्या अमेरिकी अभ्यासात घनमिलिमीटरमागे पंधरा हजारांहून अधिक पांढऱ्या पेशी असलेल्या प्रौढांना अकाली मृत्यूचा धोका जास्त आढळला होता. भाचीच्या वहीत आम्ही हिमोग्लोबिनच्या रकान्याशेजारी पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, प्लेटलेट आणि एमसीव्ही असे रकाने आखले आहेत. एमसीव्ही वाढत गेला, म्हणजे तांबड्या पेशी मोठ्या होऊ लागल्या, की औषध नियमित पोटात जाते आहे, हेही कळते. शाळकरी वयात गोळी गुपचूप खिडकीतून टाकली जाते, तेव्हा हा आकडा सांगून जातो.

आता या मालाचे दोष. पहिला दोष कॅप्सूलच्या आकारमानाचा. ५०० मिलिग्रॅम ही मात्रा प्रौढांसाठी सोयीची आहे, पण बारा-पंधरा किलोच्या मुलाला ती द्यायची कशी? अनेक घरांत कॅप्सूल उघडून पूड पाण्यात कालवली जाते आणि अंदाजाने अर्धी पाजली जाते. ही पूड हाताळताना हातमोजे घालावेत, गरोदर स्त्रीने तिला हात लावू नये, असे पट्टीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ते वाचणारे घर विरळा. मुलांसाठी पातळ औषध देशात तयार करण्याची घोषणा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये केली. परदेशी बाटलीची किंमत सुमारे सत्तर हजार रुपये आणि देशी बाटलीची अंदाजे ४०५ रुपये सांगितली गेली होती. घोषणा उत्तम होती, पण माझ्या घाऊक विक्रेत्याकडे ती बाटली मागितली की 'ऑर्डर टाकून बघतो' एवढेच उत्तर येते.

दुसरा दोष औषधाचा कमी आणि पुरवठ्याचा अधिक आहे. सरकारी केंद्रात ही कॅप्सूल विनामूल्य मिळते, तेव्हा काही तक्रार नसते; पण साठा संपला की दोन-तीन आठवडे खंड पडतो आणि ज्या औषधाचा गुण यायलाच तीन ते सहा महिने लागतात, त्यात असा खंड महागात जातो. एका केंद्रात तर 'रक्ताची तपासणी करायची सोय आज नाही, म्हणून गोळ्या देत नाही' असे सांगून रुग्णाला परत पाठवले गेले. तपासणीशिवाय गोळी देऊ नये हा नियम योग्यच आहे. मात्र जिथे गोळी मिळते तिथेच तपासणी व्हावी, ही व्यवस्था करणे रुग्णाचे काम नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणीत सापडलेल्या एसएस रुग्णाला दर महिन्याची पट्टी आणि दर तिमाहीची सीबीसी मिळते का, या मोजपट्टीने मी ती मोहीम मोजेन.

दुष्परिणामांविषयी थोडक्यात. सुरुवातीला मळमळ होते, ती रात्री झोपताना घेतल्याने बहुधा सुसह्य होते. काहींची नखे काळपट पडतात, भाचीचीही पडली आणि मेंदी लावून तिने ती झाकली. न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट फार खाली गेल्यास औषध काही काळ थांबवावे लागते, आणि ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. गर्भधारणेचा विचार असलेल्या जोडप्याने, पुरुष रुग्ण असला तरीही, आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण शुक्राणूंची संख्या घटू शकते. 'कॅन्सरचे औषध आहे, म्हणजे कॅन्सर होईल' ही भीती मात्र दीर्घकाळच्या पाठपुराव्यात खरी ठरलेली नाही. उलट १९९५ च्या त्या चाचणीतील रुग्णांचा नऊ वर्षे मागोवा घेतला तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले.

पाचपैकी गुण द्यायचे झाले, तर औषधाला मी साडेचार देईन. अर्धा कापला तो लहान मुलांच्या मात्रेसाठी. आमच्या भागातल्या पुरवठ्याला अडीचच्या वर देता येणार नाही. खरेदी करताना पट्टीवरची मुदत पाहा, दरवेळी कंपनी बदलली तर मिलिग्रॅम तेवढेच आहेत ना ते तपासा, बिल जपून ठेवा, आणि पुढच्या सीबीसीची तारीख त्याच बिलाच्या मागे लिहून घ्या.